पुन्हा पाटी हाती घेणाऱ्यांसाठी

शाळेच्या स्नेहमेळाव्याला येणाऱ्या माजी विद्यार्थ्यांमध्ये अलीकडे एक वर्ग ठळकपणे जाणवू लागला आहे. वय पस्तीस ते पंचेचाळीस. पदवी सर्वांकडे आहे, पुष्कळांकडे पदव्युत्तर पदवीही आहे. कोणी महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवितो आणि सुटीच्या महिन्यांत बिनपगारी राहतो. कोणी डी.एड. होऊन शिक्षकभरतीची वाट पाहण्यात ऐन उमेदीची वर्षे घालविली. कोणी स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेत दहा-बारा वर्षे बसला आणि राज्यसेवेची मागासवर्गीयांसाठी असलेली ४३ वर्षांची वयोमर्यादा ओलांडल्यावर रिकाम्या हातांनी बाहेर पडला. ही माणसे हल्ली फिरून फिरून एकच प्रश्न विचारतात : ‘‘सर, या वयात प्रोग्रामिंग शिकून नोकरी मिळेल का?’’

इतिहास शिकविणाऱ्या मास्तराला हा प्रश्न का विचारला जावा, असे कोणाला वाटेल. त्याचे कारण साधे आहे. गेली चार वर्षे आमच्या भागातील एका सार्वजनिक वाचनालयात, संगणकक्षेत्रात नोकरी करणारे आपलेच काही माजी विद्यार्थी दर रविवारी सकाळी प्रौढांना प्रोग्रामिंग शिकवितात. शिकवितात ते, हजेरीवही माझ्याकडे असते. कोण आले, कोण यायचे थांबले, का थांबले आणि पुढे कोणाचे काय झाले, एवढ्याच गोष्टी मला ठाऊक आहेत. परंतु या प्रश्नाचे उत्तर मला संगणकाच्या पुस्तकांपेक्षा त्या हजेरीवहीत अधिक सापडले. ते असे : शिकता येते, नोकरीही मिळू शकते, पण एकट्याने नाही. प्रौढ माणसाला प्रोग्रामिंग शिकवायचे तर त्याच्यामागे वेळ, सोबत आणि ओळख या तीन गोष्टी उभ्या कराव्या लागतात. बाजार त्या उभ्या करीत नाही. त्या आपणच केल्या पाहिजेत, आणि आपल्या शाळेला ते शक्य आहे, एवढे सांगण्यासाठी हा लेख आहे.

धंदा बदलणे नवे नाही

‘आता या वयात काय शिकणार?’ हे वाक्य आपल्याकडे सहानुभूतीने उच्चारले जाते. त्यामागे असा समज असतो की, संगणकाचे काम हे त्यासाठीच घडविलेल्या तरुणांचे काम आहे. इतिहास याच्या उलट साक्ष देतो. १९४६ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ‘एनिॲक’ हा अवाढव्य संगणक जगासमोर आला, तेव्हा त्या यंत्राला काम नेमून देणाऱ्या सहा स्त्रिया होत्या. त्याआधी त्या तोफगोळ्यांच्या मार्गाची गणिते करीत असत. ‘कॉम्प्युटर’ हे तेव्हा अशी आकडेमोड करणाऱ्या माणसांच्या हुद्द्याचे नाव होते. त्यांच्यासाठी अभ्यासक्रम नव्हता, पुस्तक नव्हते. यंत्राच्या जोडणीचे आराखडे समोर ठेवून त्या शिकल्या. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये ‘टिफ्रॅक’ हा संगणक उभा राहिला, तेव्हाही संगणकशास्त्राचे पदवीधर देशात नव्हते. तात्पर्य, प्रोग्रामरांची पहिली पिढी सर्वस्वी दुसऱ्या कामातून आलेल्यांची होती.

आपल्या आसपासही हे घडून गेले आहे. छापखान्यात खिळे जुळविणाऱ्या कंपोझिटरांनी चाळिशी उलटल्यावर डीटीपी शिकून घेतले. लेजर लिहिण्यात हयात घालविलेल्या बँकेच्या कारकुनांनी संगणकाच्या पडद्याशी जुळवून घेतले. त्यांना ते जमले, कारण बहुतेकांच्या मागे संस्था उभी होती, वेतन चालू होते आणि शेजारच्या टेबलावर विचारायला माणूस होता. याउलट १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले, आणि पुढे गिरण्या बंद पडत गेल्या, तेव्हा त्या कुशल हातांना दुसरे काम शिकविण्याची पुरेशी व्यवस्था कोणी केली नाही. साचा चालविणारा माणूस पहारेकरी झाला, भाजी विकू लागला, किंवा गावी परतला. त्याची बुद्धी कमी पडली नव्हती. नव्या कामापर्यंत नेणारा पूल बांधला गेला नव्हता.

बाबासाहेबांनी १९३६ साली लिहिलेल्या जातिनिर्मूलनाच्या प्रबंधात या विषयाशी थेट जाऊन भिडणारा एक मुद्दा आहे. तो आपण भाषणांत क्वचितच घेतो. उद्योगधंद्यांचे स्वरूप कायम नसते, ते पालटत राहते. त्याबरोबर माणसालाही धंदा बदलण्याची मुभा असावी लागते. जातिव्यवस्था ती मुभा नाकारते आणि म्हणून ती बेकारीचे प्रत्यक्ष कारण ठरते, असे त्यांनी तेथे मांडले आहे. आज कायद्याने ही मुभा सर्वांना आहे. परंतु मुभा असणे आणि ती वापरण्याइतकी सवड, पैसा व ओळख असणे यांत मोठे अंतर आहे. ज्याच्या घरात दोन पिढ्यांची बचत आहे, त्याला वर्षभर नोकरी सोडून नवे शिकता येते. आपल्या पहिल्या पिढीच्या पदवीधराच्या पगारावर आई-वडील, धाकटी भावंडे आणि मुलांच्या फिया असतात. त्याने धंदा बदलण्याचा विचार जरी केला तरी घरात चूल पेटण्याचा प्रश्न उभा राहतो.

खुद्द बाबासाहेबांचे उदाहरण या दृष्टीने पाहावे. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली त्यांना लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. १९१८ मध्ये ते सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. संसार होता, जबाबदाऱ्या होत्या. तरीही १९२० मध्ये, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, ती नोकरी सोडून ते पुन्हा विद्यार्थी म्हणून लंडनला गेले. त्या प्रवासामागे तीन आधार होते : पगारातून केलेली स्वतःची बचत, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राने दिलेले कर्ज. एवढ्या असामान्य प्रज्ञेच्या माणसालाही हे तीन टेकू लागले. मग आपण आपल्या सामान्य विद्यार्थ्याला ‘जिद्द असेल तर सगळे जमते’ असे सांगून मोकळे होतो, ते कोणत्या न्यायाने?

हे काम नेमके आहे तरी काय?

प्रोग्रामिंगविषयी आपल्या समाजात दोन टोकांचे गैरसमज आहेत. एक, ते गणिती प्रतिभेचे काम आहे. दुसरा, ‘एमएस-सीआयटी’ झाली म्हणजे ते थोडेफार येतेच. दोन्ही चूक. संगणक वापरता येणे ही साक्षरता झाली; प्रोग्रामिंग म्हणजे संगणकाला कामाचा क्रम इतका नेमका लिहून देणे की, त्याला स्वतःच्या मनाने काही ठरवावे लागू नये.

एका शिक्षिकेला हे आमच्या वर्गात हजेरीपटावरून समजले. महिन्याअखेर प्रत्येक मुलाची हजेरी मोजायची, ७५ टक्क्यांहून कमी असेल त्याचे नाव वेगळे काढायचे आणि पालकांना चिठ्ठी लिहायची, हे काम ती वर्षानुवर्षे हाताने करीत होती. ‘प्रत्येक मुलासाठी हेच पुन्हा कर’ ही झाली आवृत्ती, म्हणजे लूप. ‘कमी असेल तर’ ही झाली अट. नावे आणि आकडे साठविण्याची जागा म्हणजे यादी. एवढ्या तीन कल्पनांवर तिचा पहिला उपयोगी प्रोग्राम पायथन भाषेत उभा राहिला. त्यात शाळेच्या सातवीपलीकडचे गणित नव्हते. लागली ती शिस्त : कोणती गोष्ट आधी, कोणती नंतर, आणि मुलगा महिनाभर आजारी असेल तर काय, असा अपवादांचा विचार.

प्रौढांना खरी अडचण वेगळ्याच ठिकाणी येते. पडद्यावर लाल अक्षरांत चुकीचा संदेश उमटला की विशीतला मुलगा तो वाचतही नाही, बदल करून पुन्हा चालवून पाहतो. चाळिशीतल्या माणसाला मात्र तो संदेश आपल्या लायकीवरचा शेरा वाटतो. शाळेत, कार्यालयात, मुलाखतीत ज्याने आयुष्यभर ‘तुमचे चुकले’ हेच ऐकले, त्याच्या मनात ही भीती खोल गेलेली असते. म्हणून आमचे शिक्षक पहिले दोन रविवार मुद्दाम चुका करायला लावतात. कंस गाळा, स्वल्पविराम खोडा, नाव चुकवा. मग संदेश वाचा, तो कोणत्या ओळीकडे बोट दाखवितो ते पाहा. चूक ही रोजची गोष्ट आहे, अनुभवी प्रोग्रामरचाही बराच वेळ ती शोधण्यातच जातो, हे एकदा हाताला कळले की माणूस टिकतो. इंग्रजीचेही तसेच. या कामाला लागणारे इंग्रजी म्हणजे कादंबरीचे इंग्रजी नव्हे. शे-दीडशे शब्द आणि ठरावीक धाटणीची वाक्ये यांवर आरंभ भागतो. समजावून सांगणे मराठीत व्हावे, संज्ञा मात्र आहेत तशाच ठेवाव्यात, कारण पुढे मुलाखतीत त्याच विचारल्या जातात.

वेळेचा हिशेब

‘तीन महिन्यांत प्रोग्रामर व्हा’ अशा जाहिराती आपण पाहतो. संसारी माणसाने हिशेब असा मांडावा : रोज पहाटे किंवा रात्री एक तास आणि रविवारी चार तास, म्हणजे आठवड्याला दहा तास. सणवार, आजारपण, लग्नकार्ये वजा जाता वर्षाला चारशे ते साडेचारशे तास हाती लागतात. आमच्या वर्गातून ज्यांना काम मिळाले त्यांना साधारण दीड ते दोन वर्षे लागली. कोणी लवकर शिकेल, कोणी उशिरा. परंतु मनाची तयारी दोन वर्षांची ठेवावी आणि तोवर हातची नोकरी सोडू नये, हे आम्ही पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहितो.

स्त्रियांच्या बाबतीत हा हिशेब आणखी कठीण होतो. आमच्या हजेरीवहीत मध्येच थांबलेल्या नावांत निम्म्याहून अधिक स्त्रिया आहेत, आणि त्यांतील एकीनेही ‘कठीण वाटते’ हे कारण दिलेले नाही. पाहुणे आले, सासूबाई आजारी पडल्या, मुलाची दहावी आली. घरातला एकमेव लॅपटॉप मुलाच्या अभ्यासासाठी राखून ठेवलेला आणि आईच्या हाती फक्त मोबाइल, ही तर नेहमीची कथा. मोबाइलवर व्हिडिओ पाहता येतो. प्रोग्रामिंगचा सराव करायचा तर कळफलक आणि मोठा पडदा लागतो. तेव्हा घरातील पुरुषांनी रविवारचे चार तास आणि तो लॅपटॉप तिच्या हवाली करणे, हेही या शिक्षणाला मोठे साहाय्य आहे. आणि त्यासाठी कोणत्याही अनुदानाची गरज नाही.

काम करणाऱ्यांच्या सवडीने शाळा चालविण्याची परंपरा आपल्याला परकी नाही. १८५५ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रशाळा काढली. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून वर्ग सकाळी ठेवले. विद्यार्थ्याने शाळेच्या घड्याळाप्रमाणे चालावे, त्याऐवजी शाळेने विद्यार्थ्याच्या घड्याळाकडे पाहावे, हा विचार त्या वेळापत्रकांत होता.

जुन्या कामाचे भांडवल

धंदा बदलणाऱ्याला आपण नकळत सांगतो की, मागची पंधरा वर्षे वाया गेली, आता शून्यापासून आरंभ करा. माझा या विचाराला सक्त विरोध आहे. रुग्णालयात परिचारिका म्हणून काम केलेल्या स्त्रीला औषधांच्या नोंदी कशा चुकतात हे ठाऊक असते. बावीस वर्षांच्या अभियंत्याला ते ठाऊक नसते. वाहतूक कंपनीत बिले करणाऱ्या माणसाला कोणता ट्रक कोठे अडकतो आणि डिझेलचा हिशेब कोठे गळतो हे कळते. अशा माणसाने एसक्यूएल आणि पायथन शिकले, तर तो त्याच क्षेत्रासाठी सॉफ्टवेअर बनविणाऱ्या लहान कंपनीला नवशिक्यापेक्षा अधिक उपयोगी पडतो.

आमच्या वर्गातील ज्यांना काम मिळाले त्यांच्या वाटा पाहिल्या तर हेच दिसते. थेट ‘सॉफ्टवेअर अभियंता’ या हुद्द्यावर फारसे कोणी गेले नाही. तयार सॉफ्टवेअर तपासणे, ग्राहकांच्या अडचणी सोडविणे, माहितीचे तक्ते तयार करणे, हिशेबाच्या प्रणाली बसवून देणे अशा दारांनी ते आत गेले. वर्ष-दोन वर्षांनी त्यांतील काही प्रोग्रामिंगकडे सरकले. काहींनी नोकरी बदललीच नाही. आहे त्याच कार्यालयात कंटाळवाणे काम प्रोग्रामवर सोपवून बढती मिळविली. हेही यशच आहे.

शिकण्याची साधने आज पैशांवाचून अडत नाहीत. मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात मराठीतूनही धडे आहेत. केंद्र सरकारच्या ‘स्वयम’ मंचावर नामवंत प्राध्यापकांचे अभ्यासक्रम विनामूल्य पाहता येतात. २०१४ मध्ये सुरू झालेले ‘फ्रीकोडकॅम्प’ पूर्णतः विनामूल्य आहे, आणि त्याचे संस्थापक क्विन्सी लार्सन हे शिक्षणक्षेत्रात काम करीत असताना तिशीत प्रोग्रामिंगकडे वळलेले गृहस्थ आहेत. ज्यांना पदवीची गरज भासते त्यांच्यासाठी इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचा बीसीए अभ्यासक्रम नोकरी सांभाळून करता येतो. साधनांची ही रेलचेल असूनही माणसे मध्येच सोडून देतात, कारण व्हिडिओ शिकवितो, पण दोन रविवार आला नाहीत तर फोन करीत नाही.

दार कोठे अडते

आता कटू भाग. अनेक मोठ्या कंपन्यांची नवोदितांसाठीची भरती अलीकडेच पदवी घेतलेल्या तरुणांपुरती असते. दहावीपासून पदवीपर्यंत साठ टक्के गुण हवेत, शिक्षणात एक-दोन वर्षांहून अधिक खंड नको, अशा अटी तेथे नित्याच्या आहेत. वडिलांच्या आजारपणात ज्याने दोन वर्षे मजुरी केली त्याचा खंड आणि हौसेने घेतलेला खंड यांत ती चाळणी भेद करीत नाही. या दारावर डोके आपटण्यात प्रौढाने वर्षे घालवू नयेत. त्याची वाट लहान व मध्यम कंपन्यांतून जाते. तेथे माणूस पाहिला जातो, त्याने केलेले काम पाहिले जाते.

परंतु तेथपर्यंत अर्ज पोहोचावा कसा? या क्षेत्रात कंपनीतील कर्मचाऱ्याने नाव सुचविणे, म्हणजे ‘रेफरल’, याला मोठे वजन असते. सुचविलेल्या अर्जाला निदान कोणी वाचणारा मिळतो. ज्यांच्या मामाचा, शेजाऱ्याचा, कॉलेजमित्राचा हात आत आहे त्यांना हे आपोआप लाभते, आणि त्याला कोणी वशिला म्हणत नाही. आपल्या माणसाकडे गुण असतात, ओळख नसते. ओळखींचे हे जाळे पिढ्यान्‌पिढ्या कोणत्या वस्तीत विणले गेले आणि कोणत्या वस्तीपर्यंत आले नाही, हे स्मरणिकेच्या वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही. मात्र आता आपलीही एक पिढी पुणे, हैदराबाद, बंगळूरपासून परदेशापर्यंत या कंपन्यांत बसलेली आहे. तिने मागे वळून पाहण्याची हीच वेळ आहे.

दुसरा धोका फसवणुकीचा. आमच्या वर्गात आलेल्या एका गृहस्थांनी त्याआधी एका खासगी क्लासला ‘नोकरीची हमी’ या शब्दांवर भुलून कर्ज काढून फी भरली होती. क्लासने हमी पाळल्याचे दाखविण्यासाठी त्यांना मुलाखतींच्या तारखा दिल्या. नोकरी मिळाली नाही, हप्ते मात्र तीन वर्षे चालू राहिले. ‘हमी’ हा शब्द दिसला की करारातील बारीक अक्षरे वाचावीत, आणि शिकण्यासाठी कर्ज काढण्याआधी सहा महिने विनामूल्य साधनांवर शिकून आपली आवड पारखावी, हा माझा आग्रहाचा सल्ला आहे.

तिसरा प्रश्न सर्वांच्या ओठांवर आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले. आता यंत्रच प्रोग्राम लिहिते, मग माणसाने शिकावे कशाला? नवोदितांना पूर्वी जी सोपी कामे दिली जात त्यांतील काही आता यंत्र करते, आणि त्यामुळे प्रवेशाचे दार अरुंद झाले आहे, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. परंतु यंत्राने लिहिलेले बरोबर आहे की नाही हे ठरविणारा माणूस लागतोच, आणि ते ठरविण्यासाठी दोन गोष्टी लागतात : प्रोग्राम वाचता येणे आणि ज्या कामासाठी तो लिहिला ते काम माहीत असणे. औषधाची मात्रा चुकली हे परिचारिकेच्या लक्षात येईल. म्हणजे जुन्या कामाच्या भांडवलाची किंमत या बदलाने वाढली आहे. जो केवळ भाषेचे नियम पाठ करील त्याचे भवितव्य मात्र अवघड आहे.

काही जण विचारतील की, आपल्या तरुण मुलांनाच नोकऱ्या नाहीत, तेथे चाळिशीतल्यांची चिंता आधी का? माझे उत्तर असे की, हे दोन प्रश्न वेगळे नाहीत. वसतिगृहात राहणाऱ्या मुलाच्या शिक्षणाचा टिकाव त्याच्या आईवडिलांच्या मिळकतीवर असतो. दहावीनंतर मुलगी शाळा सोडते तेव्हा बहुधा तिच्या बापाची कंत्राटी नोकरी आधी सुटलेली असते. शिवाय, चाळीस वर्षांचा बाप रात्री वही उघडून शिकताना ज्या मुलाने पाहिला, त्याला अभ्यासाचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही.

आपल्या शाळेने काय करावे

आपल्या शाळेत संगणककक्ष आहे. माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून तो उभा राहिला. संध्याकाळी साडेपाचला त्याला कुलूप लागते आणि ते दुसऱ्या दिवशी सकाळी निघते. रविवारी तर दिवसभर कुलूपच असते. माझी संस्थेला जाहीर विनंती आहे की, मुलांच्या सरावाच्या वेळेला धक्का न लावता आठवड्यातील तीन संध्याकाळी आणि रविवारची सकाळ हा कक्ष प्रौढांसाठी खुला करावा. विजेचे बिल आणि एका पहारेकऱ्याचे मानधन, यापलीकडे यात फारसा खर्च नाही.

बौद्ध परंपरेत ‘कल्याणमित्र’ हा सुंदर शब्द आहे. वाटेवर सोबत करणारा, चुकत असेल तर सांगणारा आणि सोडून न जाणारा मित्र. संगणकक्षेत्रातील प्रत्येक माजी विद्यार्थ्याने दोन वर्षांसाठी एकाच शिकाऊ प्रौढाचा कल्याणमित्र व्हावे. आठवड्यातून अर्धा तास फोनवर बोलावे. दोन रविवार गैरहजर राहिल्यास विचारपूस करावी. काम पाहावे, दोष स्पष्ट सांगावेत, आणि माणूस तयार झाला अशी स्वतःची खात्री पटल्यावरच आपल्या कंपनीत त्याचे नाव सुचवावे. तयारी नसताना सुचविले तर सुचविणाऱ्याचा शब्द जातो आणि पुढच्या दहा जणांचे दार बंद होते. येथे दया उपयोगाची नाही; पारख हवी.

दाखविण्याजोगे काम कोठून आणायचे, ही नवशिक्यांची नेहमीची अडचण. ते काम शाळेतच पडून आहे. ग्रंथालयाची पुस्तके आजही वहीत नोंदली जातात. वसतिगृहाच्या भोजनगृहाचा धान्यसाठा, माजी विद्यार्थ्यांची यादी, शिष्यवृत्तीच्या अर्जांच्या तारखा, या सर्वांसाठी लहान लहान प्रणाली लागतात. शिकणाऱ्यांनी गटाने त्या बनवाव्यात, ग्रंथपाल आणि भोजनगृहाच्या व्यवस्थापकांकडून तपासून घ्याव्यात, वापरताना निघालेले दोष दुरुस्त करावेत. मुलाखतीत ‘मी अमुक अभ्यासक्रम पूर्ण केला’ यापेक्षा ‘मी बनविलेली प्रणाली चारशे मुलांच्या वसतिगृहात रोज वापरली जाते’ हे वाक्य किती वजनदार आहे, याचा विचार करावा. मुलांची नावे, जाती आणि घरची परिस्थिती अशी नाजूक माहिती मात्र सरावासाठी कोणाच्या हाती देऊ नये. त्यासाठी कल्पित नोंदी वापराव्यात.

शेवटी, सर्वांना हे जमेलच असे नाही, आणि सर्वांनी हे करावेच असेही नाही. तीन-चार महिने मनापासून प्रयत्न करूनही ज्याचे मन या कामात रमत नाही, त्याला तसे स्पष्ट सांगून दुसरी वाट दाखविणे हेही साहाय्यच आहे. खोट्या आशेवर आपल्या माणसांची पुष्कळ वर्षे आधीच खर्च झाली आहेत. तीत आपण भर घालू नये.

ज्या शाळेने आपल्याला पहिली पाटी दिली, तिच्याकडे ही माणसे दुसऱ्यांदा पाटी मागत आहेत. जे माजी विद्यार्थी कल्याणमित्र होण्यास तयार आहेत, त्यांनी याच मेळाव्यात कार्यालयातील वहीत आपले नाव, गाव आणि आठवड्यातील सवडीची वेळ लिहावी. ज्यांना शिकायचे आहे त्यांनी शेजारच्या पानावर लिहावे. दोन्ही पानांवर वीस-वीस नावे झाली, तरी येत्या महिन्यात पहिला वर्ग सुरू करता येईल. हजेरीवही ठेवण्याचे काम मी आनंदाने करीन.

जय भीम!